ऑफिसातले १२० जुने लॅपटॉप मलावीतल्या शाळांना पाठवायचेत, कुठून सुरुवात करू?

(प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या ऑफिसात विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून १२० लॅपटॉप आणि वीसेक डेस्कटॉप बाजूला काढलेत, साहेब म्हणतायत हवे तर घेऊन जा, मराठी मंडळातली पंधरा-वीस जणं शनिवारी बसायला तयार आहेत. सगळे नीट करून मलावीतल्या शाळांना पाठवायचे, आणि त्यातले दहा साताऱ्याकडच्या आपल्या गावच्या शाळेला. काय करावं, काय टाळावं?)

पहिलं म्हणजे साहेबांना हो म्हणून टाका, उद्याच, कारण अशी ऑफर फार दिवस टिकत नाही, एखादा भंगारवाला नगावर पैसे देतो म्हणाला की विषय संपला.

मी गेली नऊ वर्षं स्कॉटलंडमध्ये एका वर्कशॉपमध्ये शनिवारी हेच काम करते, पोटापाण्याचा धंदा आयटी सपोर्टचा, आणि आम्ही पाठवलेली मशिनं बघायला मलावीत दोनदा जाऊन आलेय. म्हणजे खालचं बरचसं चुका करून शिकलेलं आहे, काही चुका तर दोनदा करून.

तुमचे सगळे लॅपटॉप एकाच ऑफिसातले आहेत ना? मग तुम्ही नशीबवान आहात आणि तुम्हाला ते अजून माहीत नाही. लोक घरनं आणून देतात तेव्हा दहा जणांचे दहा मॉडेल येतात, दहा प्रकारचे चार्जर, एकाचा रॅम दुसऱ्यात बसत नाही, एकाला वायफाय ड्रायव्हर सापडत नाही. मी शिकाऊ होते तेव्हा आम्ही एका शाळेला २५ लॅपटॉप पाठवले, त्यात १४ वेगवेगळी मॉडेलं होती, आणि आम्हाला वाटलं काय भारी काम केलं. दीड वर्षानं तिथे गेले तर नऊ चालू होते. बाकीचे सोळा काही जळलेले-फुटलेले नव्हते हो, एकाचा चार्जर गेलेला, एकाचा कीबोर्ड, एकाची हार्ड डिस्क कुरकुर करत होती, एकाची नुसती चार्जिंगची पिन सैल, पण एकाचा अवयव दुसऱ्याला लावता येत नव्हता म्हणून सगळे कपाटात एकावर एक रचलेले, वर टेबलक्लॉथ. तिथल्या सरांनी ते फार अदबीनं दाखवले, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर दुसऱ्या एका शाळेला एकाच मॉडेलचे तीस दिले, त्यातले चार सरांनी मुद्दाम वापरायलाच काढले नाहीत, स्पेअर म्हणून ठेवले. तिथे दोन वर्षांनी २४ चालू होते, कारण एखादा बिघडला की कपाटातल्याचा पार्ट काढून लावायचा, स्क्रू कुठे आहेत ते सरांना पाठ झालेलं. त्यामुळे माझं मत आता पक्कं आहे, साठ मिसळीपेक्षा वीस एकसारखे बरे. तुमच्या १२० मध्ये बहुतेक दोन किंवा तीन मॉडेल निघतील. प्रत्येक शाळेला एकच मॉडेल द्या आणि दर दहामागे एक जास्तीचा, शिवाय चार्जर त्याहून जास्त, कारण सगळ्यात आधी चार्जरच मरतो.

आता १२० चे १२० जाणार नाहीत हेही डोक्यात पक्कं करा. आमच्याकडे पहिल्या टेबलावरचा माणूस प्रत्येक मशीनला चार-पाच मिनिटं देतो, त्याहून जास्त नाही. झाकण उघडून बिजागरी बघायची, ती सैल किंवा तडकलेली असली तर ते मशीन शाळेत महिनाभर टिकत नाही, मुलं झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतात. मग लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघायचं की डुलतो का, आणि टचपॅड एका बाजूनं वर आलाय का, क्लिक होत नाही का. तसं असेल तर खाली बॅटरी फुगलीय. तो तिथल्या तिथे बंद करायचा, चार्जिंगला लावायचा नाही, बॅटरी स्क्रूड्रायव्हरनं उचकटायची नाही, बाहेर वाळूच्या बादलीजवळ ठेवायचा आणि ज्याला माहितीय त्यानंच उघडायचा. हौशी मंडळींना हे पहिल्या दिवशीच बजावून सांगा, कारण "बघू जरा" म्हणणारा एक काका प्रत्येक मंडळात असतो.

उरलेल्यांत माझी खालची मर्यादा अशी: आठ जीबी रॅम, एसएसडी (न फिरणारी, चिपवाली डिस्क), आणि बॅटरी तासभर तरी तगणारी. फिरणारी हार्ड डिस्क असेल तर काढून साधी २४० जीबीची एसएसडी टाका. सहा-सात वर्षं जुन्या मशीनला त्यानं जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशानं पडत नाही, आणि मलावीतल्या रस्त्यावरनं पिकअपमध्ये आदळत जाताना फिरणारी डिस्क टिकेल याची मी तरी खात्री देत नाही. जे यात बसत नाहीत त्यांचे रॅम, स्क्रीन, कीबोर्ड काढून ठेवा आणि बाकी सांगाडा इथेच, ब्रिटनमध्येच, रीसायकलिंगला द्या. तिथे भंगार पाठवायचं नाही, हे कायद्याचंही म्हणणं आहे, त्यावर पुढे येते.

त्याआधी कुलपांचं बघा, कारण ते आत्ता, तुम्ही अजून त्या कंपनीत आहात तोवरच सुटतं. बायोसचा (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालतो तो प्रोग्राम) पासवर्ड, डिस्कचं एन्क्रिप्शन, चोरी झाली तर मशीन शोधणारं सॉफ्टवेअर जे बायोसमध्ये बसलेलं असतं, आणि सगळ्यात छुपं म्हणजे मायक्रोसॉफ्टचं ऑटोपायलट. त्यात लॅपटॉपची ओळख कंपनीच्या खात्यात नोंदवलेली असते, तुम्ही डिस्क पुसा, नवीन टाका, विंडोज परत घाला, काही फरक पडत नाही, पहिल्यांदा इंटरनेटला जोडला की तो आपल्या जुन्या मालकाला हाक मारतो. आमच्याकडे एकदा एका कंपनीकडनं आलेले १८ असे निघाले. वर्कशॉपमध्ये आम्ही ऑफलाइन सेटअप केलेला, सगळं झकास. नंतर तिथे शाळेत एकदा सगळे रिसेट केले आणि वायफायला जोडले, तर अठराच्या अठरा स्क्रीनवर त्या कंपनीचं नाव, खाली "ऑफिसचा ईमेल टाका". पोरं हसून हसून दमली म्हणे. आम्हाला मात्र ज्या माणसाच्या हातात ते काढणं होतं तो नोकरी सोडून गेलेला, नवीन माणूस शोधून काढण्यात चार महिने गेले. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट सिस्टीम टाकली तर हा प्रश्न येत नाही हे खरं, पण म्हणून सोडू नका, सिरीयल नंबरची यादी देऊन आयटीकडनं "काढले" असं लेखी घ्या.

डेटा पुसण्यावरनं कंपनीचे वकील तुम्हाला छळतील, छळू द्या, त्यांचं बरोबर आहे. सात वेळा, पस्तीस वेळा डिस्क पुसायची हा जुना समज आहे, फिरणाऱ्या आधुनिक डिस्कवर एकदा पूर्ण ओव्हरराइट आणि मग पडताळणी, हे अमेरिकेच्या एनआयएसटी या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणेही पुरतं. एसएसडीची गोष्ट वेगळी. तिच्यावर वरनं शून्यं लिहून काही जागा तशाच राहतात, तिला तिची स्वतःची सिक्युअर इरेज कमांड द्यावी लागते, म्हणून डीबॅन हे डिस्क पुसायचं जुनं सॉफ्टवेअर घेऊन बसू नका, ते एसएसडीसाठी नाहीच. प्रत्येक मशीनमागे एक ओळ: मॉडेल, सिरीयल, डिस्कचा सिरीयल, कशानं पुसली, कोणी, कधी. रद्द केलेल्या मशिनच्या डिस्कसुद्धा, त्या तर आधी.

सॉफ्टवेअर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि साधारण इंटेलच्या प्रोसेसरची आठवी पिढी लागते. तुमचे बहुधा सहाव्या-सातव्या पिढीचे असणार, म्हणूनच तर निघाले. हार्डवेअर उत्तम, फक्त मायक्रोसॉफ्टनं दार लावलं. काही जण जुगाड करून ११ घालतात, घरी करा, शाळेत नको, एखाद्या अपडेटला अडकलं तर तिथे सोडवायला कोण बसलंय. आम्ही लिनक्स मिंटचं हलकं एक्सएफसीई व्हर्जन टाकतो, लिबरऑफिससकट. पण आधी शाळेला विचारा! शिक्षकांना "वर्ड" हवं असतं, त्यांच्या पुस्तकात वर्डचीच चित्रं आहेत, त्यांना लिबरऑफिस म्हणजे वर्डच पण बटणं इकडेतिकडे, हे एकदा बसून दाखवलं तर चालतं, न सांगता दिलं तर "बिघडलेलं मशीन आलं" असा निरोप येतो. एकच मॉडेल असल्याचा फायदा इथे परत मिळतो. एक मशीन मनासारखं तयार करायचं, क्लोनझिला या फुकट सॉफ्टवेअरनं त्याची इमेज (अख्ख्या डिस्कची नक्कल) घ्यायची, आणि नेटवर्कवरनं एका वेळी दहा-पंधरांवर ओतायची, चहा होईस्तोवर झाले.

इंटरनेट नसेल असं धरूनच चाला, असलं तरी मोबाइल डेटाचे पैसे शाळेला झेपत नाहीत. नुसता रिकामा लॅपटॉप म्हणजे टायपिंगचं मशीन. किविक्स या ऑफलाइन वाचायच्या ॲपवर अख्खा इंग्रजी विकिपीडिया चित्रांसकट साधारण १०० जीबीत बसतो, कोलिब्री या शिकण्याच्या ॲपमध्ये खान अकॅडमीचे व्हिडिओ आणि गणितं, दोन्ही फुकट, दोन्ही नेटशिवाय चालतात. एकेका मशीनवर टाका किंवा वर्गात एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा स्वस्त कॉम्प्युटर) सर्व्हर म्हणून ठेवून त्याच्या वायफायवरनं सगळ्यांना द्या. मलावीत माध्यमिक शाळा इंग्रजीतनंच चालते त्यामुळे भाषेची अडचण त्या मानानं कमी. मी तिथे वर्गाच्या मागे बसले होते तेव्हा दोन मुली किडनीचं चित्र उघडून वहीत पेन्सिलनं काढत होत्या, लेबलांसकट, स्क्रीनवर बोट ठेवून ठेवून, कारण वर्गात पुस्तक एकच आणि ते बाईंकडे.

आता एक बारीकशी गोष्ट जी कुठल्याच यादीत नसते. एका शाळेनं वर्षभर ऑफलाइन वापरून मग मॉडेम घेतला, आणि सरांचा व्हॉट्सॲपवर मेसेज: सगळ्या वेबसाइट "असुरक्षित" म्हणतायत, व्हायरस आलाय. मी दोन दिवस काय काय विचारत बसले. शेवटी म्हटलं स्क्रीनचा फोटो पाठवा, अख्ख्या स्क्रीनचा. फोटोत खाली कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०१५. मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर २०३२ बॅटरी मेलेली, लॅपटॉप पूर्ण बंद झाला की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की वेबसाइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला खोटं वाटतं. हाताने तारीख टाकली, व्हायरस गेला. तेव्हापासून आम्ही पाच वर्षांपुढच्या प्रत्येक मशीनमध्ये ती बॅटरी बदलतोच. पण लॅपटॉपमध्ये ती नुसती नाणं म्हणून येत नाही, काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, दोन वायरी आणि टोकाला छोटा प्लग, आणि तो प्लग मॉडेलप्रमाणे बदलतो. म्हणून आधी एक उघडून बघा मग शंभर मागवा. मी उलट केलं होतं, डबा अजून आहे माझ्याकडे.

लाइटचं. मलावीत २३० व्होल्ट आणि प्लग ब्रिटनसारखाच तीन चौकोनी पिनांचा, त्यामुळे आपली केबल तशीच चालते, हे एक सुख. अमेरिकेतनं पाठवणाऱ्यांनी डेस्कटॉपच्या मागचा छोटा लाल स्विच ११५ वरनं २३० वर करायचा असतो, जुन्या पॉवर सप्लायला तो असतो, तो राहिला की लावल्या लावल्या फाट् असा आवाज. तुमचा प्रश्न वेगळा आहे: लाइट असणार का? गावाकडच्या बऱ्याच शाळांना जोडणीच नाही, आणि शहरातही भरवसा नाही, जानेवारी २०२२ मध्ये ॲना वादळाच्या पुरानं कापिचिराच्या धरणाचं नुकसान होऊन तिथलं वीज केंद्र बंद पडलं तेव्हा देशाची सुमारे तीस टक्के वीज एकदम गेली होती. लॅपटॉप वीस-पंचवीस वॅटवर चालतो आणि लाइट गेली तरी बॅटरीवर तास निभावतो. डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून त्याच्या तिप्पट खातात आणि लाइट गेली की खलास. म्हणून सोलरवाल्या शाळेला फक्त लॅपटॉप. कॉम्प्युटर एड नावाच्या लंडनच्या संस्थेनं २०१० मध्ये झांबियात माचा इथे शिपिंग कंटेनरचीच सोलर लॅब केली, तीही फक्त ११ जागांची होती, यावरनं अंदाज घ्या की सोलरवर शंभर मशिनं वगैरे बोलायचंच नाही. तुमचे वीस डेस्कटॉप मात्र फेकू नका, दुरुस्तीला ते लॅपटॉपपेक्षा दहापट सोपे, चोरीलाही कमी जातात, लाइट असलेल्या शहरातल्या शाळेला किंवा शिक्षक प्रशिक्षण केंद्राला द्या.

कायदा आणि पाठवणं, हे तुम्ही स्वतः करू नका, असं माझं स्पष्ट मत. बाझल करार (धोकादायक कचरा एका देशातनं दुसऱ्यात नेण्याबद्दलचा) १९८९ चा, पण १ जानेवारी २०२५ पासून त्यात सगळाच ई-कचरा आला, धोकादायक असो वा नसो, समोरच्या देशाची आधी परवानगी लागते. तुमचा माल कचरा नाही, चालू उपकरण आहे, हे सिद्ध करणं तुमच्यावर. म्हणजे प्रत्येक नगाची चाचणी केल्याचा कागद, घेणाऱ्याचं पत्र आणि नीट पॅकिंग. लॅपटॉप पोत्यात भरल्यासारखे ठेवले असतील तर बंदरावरचा अधिकारी तेवढ्यावरनंच कचरा म्हणू शकतो, आणि चुकीचं नाही ते, कारण "दान" म्हणून पाठवलेलं बरंच भंगार घानात अक्राच्या आग्बोग्ब्लोशीला पोचायचं, पोरं तांब्यासाठी केबली जाळायची. ते आवार जुलै २०२१ मध्ये पाडलं, काम आजूबाजूला पसरलं इतकंच.

शिवाय मलावीला समुद्र नाही. माल मोझांबिकमध्ये बेइरा किंवा नकालाला उतरणार, नाहीतर टांझानियात दार-एस-सलामला, तिथनं ट्रकनं सीमा ओलांडणार, आणि शुल्कमाफीचं पत्र माल निघायच्या आधी हातात नसेल तर कंटेनर पडून राहतो आणि रोजचं भाडं चढतं. शंभर लॅपटॉपसाठी हा व्याप करायचा नसतो, तेवढ्यानं कंटेनरचा कोपरा भरत नाही. एडिनबराचा ट्युरिंग ट्रस्ट गेली बरीच वर्षं मलावीत हेच करतो, ॲलन ट्युरिंगच्या भावाच्या नातवानं २००९ मध्ये काढलेली संस्था, त्यांच्याशी किंवा तशाच दुसऱ्या कोणाशी आधी बोला, त्यांना दुरुस्त केलेले हवेत की कच्चे, कुठली इमेज हवी, ते त्यांच्याकडनं घ्या आणि मंडळाची ताकद तिथे लावा. थोडेच असतील तर लॅबडू म्हणून एक जाळं आहे, ते प्रवाशाच्या बॅगेतनं एक-एक दोन-दोन लॅपटॉप पाठवतं, प्रत्येकावर क्यूआर कोडचं लेबल लावून.

साताऱ्याचे दहा. इथे मी तुमचा हिरमोड करणार. जुने कॉम्प्युटर भारतात आणायला परवाना लागतो, असेच खोक्यात भरून पाठवले तर कस्टममध्ये अडकतील आणि सोडवायला जो जाईल तो तुमचा मेव्हणा असेल. प्रवाशाला स्वतःचा एक लॅपटॉप नेता येतो तो त्याच्या वापरासाठी, दहा जणांनी मिळून दहा नेऊ हा प्लॅन ऐकायला छान आहे, पण जाऊ दे. आणि गरजही नाही हो, पुण्यात आयटी कंपन्यांचे लीज संपलेले लॅपटॉप ढिगानं निघतात, एकाच मॉडेलचे दहा, वॉरंटीसकट रिफर्बिश्ड मिळतात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला पण. इथे मंडळात वर्गणी काढा, तिथे पुण्यातल्या कोणाला तरी विकत घ्यायला लावा, दुरुस्तीलाही तोच दुकानदार सापडतो. फक्त मुख्याध्यापकांना आधी विचारा की वर्गाला ग्रिल आहे का आणि वीजबिल कोण भरतं.

माणसांचं थोडं सांगते. पंधरा-वीस जणांत खरं हार्डवेअर येणारे तीन असतील, पुरतात. बाकीच्यांना कीबोर्डचं प्रत्येक बटण दाबून तपासणं, स्टिकर हेअर ड्रायरनं गरम करून काढणं, अल्कोहोलनं पुसणं, नोंद ठेवणं. कंपनीचं लेबल खालच्या बाजूला आणि बॅटरीच्या खाचेत, दोन्हीकडे असतं, आतलं विसरतात. आमच्याकडे सगळ्यात कामाची व्यक्ती म्हणजे बँकेतनं रिटायर झालेल्या एक बाई, त्यांना रॅम म्हणजे काय हे आजही माहीत नाही, पण चार्जर आणि लॅपटॉपची जोडी त्यांच्या वहीत नसेल तर खोकं बंदच होत नाही. अशी एक व्यक्ती आधी शोधा. आणि चहा वेगळ्या टेबलावर, हे मी पोह्यांचा अनुभव घेऊन सांगतेय, कीबोर्डमधनं मोहरी निघत नाही.

प्रत्येक शाळेच्या खोक्यात एक स्क्रूड्रायव्हर सेट, स्पेअर, आणि फोटोंसकट छापलेलं चार पानी पत्रक टाका, बॅटरी कशी काढायची, इमेज परत कशी टाकायची, इमेजचा पेनड्राइव्हही त्यातच. एका शिक्षकाला दोन दिवस शिकवायची सोय तिथली संस्था करते का ते विचारा, आणि पाच वर्षांनी मेलेली मशिनं गोळा कोण करणार तेही विचारा. या दुसऱ्या प्रश्नावर जी संस्था गडबडते तिला मी माल देत नाही.

सोमवारी आयटीवाल्यांकडनं एक एक्सेल मागा, मॉडेल, सिरीयल, रॅम, डिस्क, आणि ऑटोपायलटमध्ये आहे की नाही. ती आली की इथे मॉडेलचं नाव टाका, त्याची बॅटरी आणि तो वायरवाला प्लग कुठला ते मी सांगते, कदाचित माझ्या डब्यातलेच बसतील.